तारेवरचे इनॅमल, राळेचा धूर आणि आपली छाती

वाचकहो, या सदराकडे येणारी पत्रे बहुतेक पोटाची, सांध्यांची, नाहीतर साखरेची असतात. गेल्या पंधरवड्यात मात्र तुमसर तालुक्यातून एक वेगळे पत्र आले. लिहिणारा महाविद्यालयात शिकतो आणि त्याला हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचा छंद आहे. तो लिहितो की, कॉइलसाठी लागणारी केसासारख्या बारीक तारांची बहुपेडी तार सोल्डर करताना वरचे इनॅमल निघता निघत नाही. एका जाणत्या मेकॅनिकने त्याला युक्ती सांगितली: तार ॲस्पिरिनच्या गोळीवर ठेवायची आणि वरून गरम सोल्डरिंग आयर्न दाबायचे. युक्ती लागू पडली, पण धुराने घसा धरला आणि रात्रभर खोकला आला. हा धूर अपायकारक आहे काय, आणि असल्यास काम करावे कसे, असा त्याचा प्रश्न आहे.

प्रश्न एका छंदिष्ट तरुणाचा असला तरी उत्तर पुष्कळांच्या उपयोगाचे आहे. आपल्या जिल्ह्यात हॅम मंडळी थोडी असतील. पण शेतीपंपाच्या मोटारी, कूलर, पंखे आणि मिक्सर वाइंड करून देणारी दुकाने भंडारा, तुमसर, साकोली, पवनी अशा प्रत्येक बाजारगावात आहेत. मोबाइल दुरुस्तीच्या टपऱ्या तर खेड्यापर्यंत पोहोचल्या आहेत. आयटीआयची मुले हेच काम शिकतात. या सर्वांच्या नाकासमोरून रोज हाच धूर जातो. म्हणून आजचे सदर या विषयाला देत आहे.

ही तार असते तरी कशी?

आजार समजण्यासाठी आधी काम समजून घेतले पाहिजे. बिनतारीच्या उच्च वारंवारितेचा प्रवाह तारेच्या संपूर्ण जाडीतून वाहत नाही. तो तारेच्या वरच्या सालीतूनच वाहतो. भरलेल्या एसटीत आत जागा असूनही सगळे दाराजवळ गर्दी करतात, तसाच हा प्रकार. ज्या ५८५ किलोहर्ट्झवर आपल्या पिढीने आकाशवाणीचे नागपूर केंद्र ऐकले, त्या वारंवारितेला तांब्यातली ही साल एका मिलिमीटरच्या साधारण बाराव्या भागाएवढीच जाड असते. मग जाड तारेच्या मधल्या तांब्याचा उपयोग काय? त्यावर उपाय म्हणून अनेक बारीक तारा घेतात, प्रत्येकीवर इनॅमलचा वेगळा लेप देतात आणि वेणीच्या पेडांसारख्या त्या अशा पिळतात की प्रत्येक तार आळीपाळीने आत आणि बाहेर येते. हीच लिट्झ वायर. जुना ट्रान्झिस्टर उघडून पाहिला असेल त्यांना काळ्या फेराइट कांडीवर गुंडाळलेली, बऱ्याचदा वरून रेशमाचे किंवा सुताचे वेष्टन असलेली तार आठवेल. ती हीच.

या तारेचे मर्म असे की, टोकाला प्रत्येक पेड सोल्डरला जोडला गेला पाहिजे. चाळीस पेडांतले दहा तुटले किंवा इनॅमलसकट तसेच राहिले, तर कॉइल आपल्या गुणाला उतरत नाही. कानस किंवा पॉलिश पेपर लावावा तर बारीक पेड तुटतात. म्हणून खरवडण्याऐवजी इनॅमल उष्णतेने किंवा रसायनाने घालवण्याकडे सर्वांचा कल असतो. आरोग्याचा प्रश्न नेमका इथून सुरू होतो.

धुरात असते काय?

सोल्डर करणे म्हणजे आपल्या जुन्या भाषेत झाळकाम. आयर्नच्या टोकाशी जो पांढरट धूर निघतो, त्याला बरेच लोक 'शिशाचा धूर' म्हणतात. हा समज दुरुस्त करायला हवा. साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे असे नेहमीचे सोल्डर १९० अंश सेल्सिअसच्या आतच वितळते. आयर्नचे टोक ३५० ते ४०० अंशांपर्यंत तापते. शिसे उकळायला मात्र सतराशे अंशांहून अधिक उष्णता लागते. म्हणजे आयर्नच्या उष्णतेला शिशाची वाफ नगण्य असते. दिसतो तो धूर मुख्यतः फ्लक्सचा, म्हणजे राळेचा असतो. शिशाचा धोका वेगळ्या वाटेने येतो. तो पुढे सांगतो.

राळ म्हणजे चिडाच्या झाडाचा डिंक. 'झाडाचीच वस्तू, तिने काय होणार?' असे अनेकांना वाटते. पण तापलेल्या राळेच्या धुराने दमा जडू शकतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांतील कामगारांच्या तपासण्यांतून ही गोष्ट १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधील डॉक्टरांनी नीट मांडली. तेव्हापासून राळेचा धूर हे व्यवसायजन्य दम्याचे एक मान्य कारण आहे. बिनशिशाचे सोल्डर घेतले म्हणजे हा प्रश्न मिटत नाही. त्याला उष्णता जास्त लागते आणि धूर तेवढाच किंवा अधिक होतो.

दुसरा धूर इनॅमलचा. आयर्नच्या उष्णतेनेच निघून जाणारे इनॅमल बहुधा पॉलियुरेथेनचे असते. ते जळताना आयसोसायनेट या वर्गातील वायू थोड्या प्रमाणात सुटतात. हे नाव वाचून १९८४ च्या डिसेंबरमधील भोपाळची आठवण होणे साहजिक आहे. तिथे सुटलेला मिथाइल आयसोसायनेट याच कुळातला, पण तो वेगळा पदार्थ आणि तोही टनावारी. टेबलावर दोन तारा सोल्डर करणाऱ्याने त्या धसक्याने हातपाय गाळू नयेत. मात्र या कुळाचा एक गुण लक्षात ठेवावा. एकदा का छातीला त्याचे वावडे निर्माण झाले की, पुढे अगदी किंचित मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. 'इतके दिवस काही झाले नाही' ही त्यामुळे खात्री ठरत नाही.

तिसरा धूर ॲस्पिरिनचा. ही युक्ती जुनी आहे आणि ती चालते यात शंका नाही. ॲस्पिरिन तापले की त्यातून आम्ले सुटतात आणि ती इनॅमल फोडतात. पण त्याच वेळी व्हिनेगरसारखी झोंबणारी ॲसेटिक आम्लाची वाफ आणि कार्बोलिकच्या वासाची घटकद्रव्ये थेट नाकाडोळ्यांत जातात. घसा धरणे, डोळ्यांतून पाणी येणे, खोकल्याची उबळ येणे हे त्याचेच परिणाम. शिवाय दम्याच्या काही रुग्णांना ॲस्पिरिनने झटका येतो. त्यांनी तर या धुराच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. मागे राहिलेले आम्ल पुसले नाही तर ते बारीक तांबेही खाते. म्हणजे छातीही बिघडते आणि कॉइलही. १८९९ पासून बाजारात असलेली ही गोळी हृदयरोग्याला वाचवते. तिला आयर्नखाली घालण्याचे कारण नाही.

खोकला कोणत्या वारी वाढतो?

बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा एक इटालियन वैद्य होऊन गेला. कामकऱ्यांच्या आजारांवर त्याने १७०० साली ग्रंथ लिहिला. रुग्णाला इतर प्रश्नांबरोबर 'तुझा धंदा कोणता?' हा प्रश्न अवश्य विचारावा, असे त्याने त्यात सांगितले. तीनशे वर्षांनंतरही हा प्रश्न तेवढाच मोलाचा आहे.

माझ्या दवाखान्यात वाइंडिंगचे काम करणारा एक पस्तिशीतला माणूस आला होता. पाच-सहा महिने रात्रीचा खोकला, पहाटे छातीत घरघर. खोकल्याची औषधे, गोळ्यांचे दोन-तीन कोर्स इकडेतिकडे झाले होते. थुंकीची तपासणी झाली होती, तीत क्षयाचे जंतू नव्हते. एक्स-रे साफ. मी विचारले, 'दुकान बंद असते त्या दिवशी कसे असते?' तो म्हणाला, 'डॉक्टरसाहेब, बंदच्या दिवशी जरा बरं असते. दिवाळीत आठ दिवस सासुरवाडीला गेलो होतो, तेव्हा खोकलाच नव्हता.' निदानाचा धागा या एका वाक्यात होता. त्याला पीक फ्लो मीटर दिले. या नळीत जोराने फुंकर मारली की श्वासाचा वेग किती ते आकड्यात कळते. दिवसातून चार वेळा, दोन आठवडे कामाचे आणि एक आठवडा सुटीचा, असे आकडे त्याने शाळकरी वहीत लिहून आणले. कामाच्या दिवशी संध्याकाळी आकडा जवळजवळ पाव हिस्सा खाली यायचा आणि सुटीत पुन्हा वर चढायचा. पुढे नागपूरच्या छातीविकार तज्ज्ञांनीही निदान कायम केले. इनहेलर सुरू झाला, पण खरा फरक पडला तो सोल्डरिंगचे टेबल मागच्या बंद खोलीतून उघड्या ओसरीत आणल्यावर आणि ते काम भावाकडे सोपवल्यावर.

या दम्याचे एक फसवे लक्षण आहे. तो नेहमी कामावर असतानाच उठतो असे नाही. धूर छातीत गेल्यानंतर चार ते आठ तासांनी, म्हणजे घरी जेवून झोपल्यावर, तो उठू शकतो. त्यामुळे रुग्ण दोष देतो रात्रीच्या गारव्याला, दह्याला किंवा केळ्याला. नाकातून सतत पाणी वाहणे आणि डोळे चुरचुरणे ही बऱ्याचदा त्याची पहिली सूचना असते. ती अंगावर काढू नये. वेळीच धूर थांबला तर दमा पुष्कळ अंशी आटोक्यात येतो. वर्षानुवर्षे चालू राहिला तर काम सोडल्यावरही दमा मागे राहतो.

मात्र एक ध्यानात ठेवा. खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिला, तर तो सोल्डरचा आहे असे स्वतःच ठरवून बसू नये. थुंकी तपासून क्षयरोग नाही याची खात्री आधी करावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.

शिसे धुरातून नव्हे, हातातून

आता शिशाकडे वळू. सोल्डरची तार बोटांत धरली, टोक पुसले, टेबलावरची मळी झटकली की शिसे हाताला लागते. ते दिसत नाही, त्याला वास नाही. हा हात तोंडाकडे गेला की शिसे पोटात. आपल्या भागात याचा सर्वांत मोठा मार्ग कोणता, हे सांगायला नको. खर्रा! तंबाखू, सुपारी आणि चुना पन्नीत घोटायचा आणि त्याच बोटांनी चिमूट दाढेखाली ठेवायची. खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग होतो हे या सदरात अनेकदा सांगितले आहे. सोल्डर करणाऱ्याच्या खर्ऱ्यात शिशाची भर पडते, एवढे आज त्यात मिळवा. टेबलावर चहा ठेवणे, सोल्डरची तार दातात धरणे, काम करता करता बिडी पेटवणे हे याच मालिकेतले.

शरीरात गेलेले शिसे रक्तात सुमारे महिनाभर रेंगाळते, पण हाडांत शिरले की दशके मुक्काम करते. पोटात कळा, बद्धकोष्ठ, रक्त कमी होणे, चिडचिड, थकवा, सांधे दुखणे अशी त्याची लक्षणे मोघम असतात. जुन्या विषबाधेत हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ दिसते. मनगट लुळे पडू शकते. १९४८ च्या कारखाना कायद्यात कळवणे बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत पहिलेच नाव शिशाच्या विषबाधेचे होते. पण घरातल्या टेबलावर आणि दोन माणसांच्या दुकानात कोणी निरीक्षक येत नाही. तिथे आपणच आपले निरीक्षक.

मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाला शिसे अधिक बाधते. त्याचे आतडे ते जास्त शोषून घेते आणि वाढत्या मेंदूवर परिणाम होऊन बुद्धी आणि एकाग्रता घटते. मुलाच्या रक्तात शिशाची अमुक पातळी निर्धोक, असे म्हणता येत नाही. रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास त्याचा उगम शोधून बंद करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले. गरोदर स्त्रीच्या पोटातल्या बाळापर्यंतही ते पोहोचते. म्हणून स्वयंपाकघरात, पाळण्याच्या खोलीत किंवा मुले रांगतात त्या जमिनीवर सोल्डरिंग करू नये. रोज काम करणाऱ्यांनी वर्षातून एकदा रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. उपाशीपोटी शिसे अधिक शोषले जाते, म्हणून न्याहारी करून कामाला बसावे. लोह आणि कॅल्शियम भरपूर असलेला आहार, म्हणजे पालेभाज्या, डाळी, तीळ, दूध, हा शिशाला काही प्रमाणात आडकाठी करतो.

भंडारा हा पितळी भांड्यांचा जिल्हा, म्हणून एक जोडसूचना. कल्हईचे काम पाहिलेल्यांना झाळकाम नवे नाही. नवसागर टाकला की पांढऱ्या धुराचा लोट उठतो, कथील पसरते आणि भांडे चांदीसारखे लखलखते. पण कल्हई शुद्ध कथलाचीच हवी. रेडिओचे सोल्डर वितळवून भांड्याला कल्हई करू नये आणि गळक्या पातेल्याचे भोक सोल्डरने बुजवू नये. चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक अशा आंबट पदार्थांत त्यातले शिसे उतरते आणि साऱ्या घराच्या पोटात जाते.

मग तार सोल्डर करावी तरी कशी?

छंद सोडा असे मी म्हणणार नाही. १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २००१ चा भुजचा भूकंप, २००४ ची त्सुनामी अशा वेळी हॅम मंडळींनी निरोप पोहोचवण्याचे मोठे काम केले आहे. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेने काय केले, हे आपल्याला कोणी सांगायला नको. परीक्षा देऊन केंद्र सरकारचा परवाना घेणारे असे तरुण गावोगावी असावेत. फक्त ते निरोगी असावेत. जाणकारांशी बोलून आणि वैद्यकीय दृष्टीने पारखून सांगण्यासारखी रीत अशी आहे.

पहिली गोष्ट, तार विकत घेतानाच विचारावे की इनॅमल थेट सोल्डर होणारे आहे की नाही. मोटारीच्या वाइंडिंगची काही इनॅमले जास्त उष्णतेला टिकावीत म्हणूनच बनवलेली असतात. ती आयर्नने जात नाहीत. तासभर जाळत बसल्यास नुसता धूर होतो. अशी तार जाड असेल तर खरवडणेच योग्य. खरवडतानाही भुकटी फुंकरीने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी.

थेट सोल्डर होणारी बहुपेडी तार असेल तर वरचे रेशीम किंवा सूत मागे सारून जिथपर्यंत सोल्डर हवे तिथे दोऱ्याची गाठ मारावी, म्हणजे पेड विस्कटत नाहीत. आयर्नचे टोक साफ करून ३७५ ते ४०० अंशांच्या आसपास तापू द्यावे आणि त्यावर सोल्डरचा टपोरा थेंब घ्यावा. तारेचे कापलेले टोक त्या थेंबात बुडवावे. कापलेल्या टोकाला तांबे उघडे असल्याने उष्णता तिथून आत शिरते. तीन-चार सेकंदांत इनॅमल जळून काळी मळी वर येते. मग थेंब हळूहळू गाठीकडे सरकवावा, मळी ओल्या स्पंजवर पुसावी आणि ताज्या सोल्डरने पुन्हा एक हात द्यावा. शेवटी टोक किंचित छाटून भिंगाखाली पाहावे. सर्व पेड चकचकीत दिसले तर काम झाले. काळे ठिपके दिसले तर तेवढे पेड राहिले. या रीतीने धूर काही सेकंदच निघतो.

तेवढा धूरही नाकात जाऊ नये यासाठी बसण्याची जागा महत्त्वाची. गरम धूर सरळ वर चढतो आणि बारीक काम करणारा माणूस नेमका त्यावर वाकलेला असतो. म्हणून डोके कामाच्या थेट वर न ठेवता मागे किंवा बाजूला ठेवावे. दिसत नसेल तर स्टँडचे भिंग वापरावे, मान खाली घालू नये. टेबल खिडकीला लावावे. जुन्या संगणकातला छोटा पंखा कामापासून वीतभर अंतरावर असा ठेवावा की तो धूर ओढून खिडकीबाहेर टाकील. समोरून तोंडावर वारा मारणारा किंवा डोक्यावरचा पंखा धूर खोलीभर पसरवतो, आयर्नचे टोकही गार करतो. थंडीत दारे-खिडक्या लावून काम करण्याचा मोह टाळावा.

मास्कविषयी करोनाच्या काळापासून सर्वांना माहिती आहे. रुमाल किंवा साधा मास्क या कामी निरुपयोगी. एन-९५ राळेच्या धुराचे कण बराचसा अडवतो, पण इनॅमलचे वायू त्यातून आरपार जातात. म्हणून मास्कपेक्षा धूर बाहेर ओढणे हाच खरा उपाय.

या युक्त्या टाळाव्यात

जुन्या रेडिओ मेकॅनिकांची एक रीत आहे. तार स्पिरिटच्या दिव्यावर लाल करायची आणि लगेच वाटीतल्या स्पिरिटमध्ये बुडवायची. तांबे लख्ख निघते हे खरे. पण पेटत्या दिव्याशेजारी उघडी स्पिरिटची वाटी म्हणजे जळिताला निमंत्रण. स्पिरिटची ज्योत उन्हात नीट दिसतही नाही. टेरिकॉटच्या कपड्यात हे काम कधीच करू नये.

रंग काढण्याच्या द्रावणात काही वेळा मेथिलीन क्लोराइड असते. त्याची वाफ श्वासातून गेली की शरीर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार करते. बंद खोलीत गुंगी येऊन माणूस दगावू शकतो. उकळत्या कॉस्टिक सोड्याचा एक थेंब डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. ही दोन्ही रसायने घरच्या टेबलावर नकोत.

सर्वांत घातक प्रकार म्हणजे तांबे काढण्यासाठी जुन्या वायरी आणि जळकी वाइंडिंग उघड्यावर पेटवणे. प्लास्टिकच्या वेष्टनातून झोंबणारे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि डायॉक्सिनसारखी विषे निघतात. चार रुपयांच्या तांब्यासाठी साऱ्या आळीने तो धूर का खावा? अशी आग पेटलेली दिसली तर मुलांना तरी तिथून दूर न्यावे.

अपघात झालाच तर

चटका बसल्यास भाग लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा आणि घड्याळ लावून वीस मिनिटे तसाच ठेवावा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तेल काहीही लावू नये. फोड फोडू नये. कपड्यावर सांडलेले सोल्डर थंड होऊन कातडीला चिकटले असेल तर ओढून काढू नये. पाण्याखाली धरून दवाखाना गाठावा.

डोळ्यात फ्लक्स किंवा रसायन उडाले तर डोळा चोळू नये. पापणी उघडी धरून स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि मग नेत्रतज्ज्ञांकडे जावे. तारेचे टोक छाटताना उडालेला तुकडा डोळ्यात रुतला असेल तर तो स्वतः काढू नये. वाटीसारखे काहीतरी वर झाकून तसेच जावे. छाटताना दुसऱ्या हाताने टोक धरले आणि साधा चष्मा घातला तर ही वेळच येत नाही. केसाएवढी तार बोटात घुसून मोडली आणि बोट ठणकू लागले तरी दाखवावे. गेल्या दहा वर्षांत धनुर्वाताची लस घेतली नसेल तर ती घ्यावी.

धुराने धाप लागली तर त्या माणसाला मोकळ्या हवेत बसवावे, आडवे करू नये. आधीपासून दमा असेल तर त्याचा नेहमीचा इनहेलर द्यावा. बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळे पडत असतील तर वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

थोडक्यात सांगायचे तर

१) ॲस्पिरिनची युक्ती सोडावी, थेट सोल्डर होणारी तार घेऊन थेंबाची रीत वापरावी.
२) डोके धुरावर नको, बाजूला हवे. पंख्याने धूर खिडकीबाहेर ओढावा.
३) कामाच्या टेबलाशी खर्रा, बिडी, चहा, फराळ काही नको. उठताना साबणाने हात आणि नखे धुवावीत.
४) टेबल झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे. सोल्डरची मळी घट्ट झाकणाच्या डब्यात साठवून भंगारात द्यावी. चुलीत किंवा परसात टाकू नये.
५) कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत.
६) कामाच्या दिवसांत वाढणारा आणि सुटीत कमी होणारा खोकला, घरघर किंवा नाकाचे पाणी दिसले तर डॉक्टरांकडे जाऊन प्रथम आपला धंदा आणि छंद सांगावा.

शेवटचा मुद्दा मी विशेष आग्रहाने सांगतो. तपासायला आलेला रुग्ण ताप सांगतो, भूक सांगतो, झोप सांगतो; दिवसाचे आठ-दहा तास हात कशात असतात हे मात्र विचारल्याशिवाय सांगत नाही. डॉक्टरांनी नाही विचारले तर आपण होऊन सांगावे. औषधाच्या चिठ्ठीत जे सापडत नाही ते कधीकधी त्या एका वाक्यात सापडते.

(पुढील आठवड्यात: धान कापणीच्या दिवसांत डोळ्याला होणाऱ्या जखमा आणि त्यांची काळजी.)